उंदरांचा पोळा

लोक सोनं जोखतात, कापूस जोखतात. शहागंजाच्या बाजारात गेलं तर वेलदोडासुद्धा काट्यावर चढतो. मी चौदा वर्षं उंदीर जोखले. दर सोमवारी सकाळी, दहाच्या आत, एकेक करून. आता रिटायर झाल्यावर आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत हळदीकुंकवाला बाया विचारतात, कमलबाई, तुम्ही कॉलेजात नेमकं काय करत होता? मी खरं सांगते अन् सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागतात. एकीनं तर वर विचारलं, आमच्या माळ्यावर दोन हायेत, जोखून देता का म्हणून. हसा बापहो, खुशाल हसा. पण त्या उंदरांनी मला जे शिकवलं ते सातवीपर्यंतच्या शाळेनं शिकवलं नाय, अन् त्याच उंदरांच्या लाडापायी एका पोरीची पाच वर्षांची मेहनत मी पुरणात घालवली होती. ते सगळं सांगायलाच बसले आहे.

कॉलेजाचं नाव सांगत नाय. शहरातलंच, औषधं कशी बनवायची ते शिकवणारं. आधीची वर्षं मी तिथं झाडू, चहा, बाकं पुसणं असली कामं केली. मग प्राणीगृहाचा माणूस सोडून गेला. प्राणीगृह म्हणजे मागच्या अंगाची एक गार खोली, आत मांडणीवर पिंजरे अन् पिंजऱ्यात पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे उंदीर. तिथं जायला कुणी तयार होईना. मी फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याची लेक, गोठ्यात लहानाची मोठी झालेली, मला जनावराची किळस नाय. म्हणलं, मी जाते. घरी मालकांनी तेवढा एक हुकूम सोडला, की आंघोळ केल्याबिगर कणकेला हात लावायचा नाय. आमचे मालक एमआयडीसीत एवढाल्या मशीनवर काम करायचे, पण उंदीर दिसला की अजून खाटेवर चढतात.

तिथल्या मुख्य होत्या देशपांडे मॅडम. बारीक अंगाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कधी चढायचा नाय अन् तरी सगळी पोरं चळाचळा कापायची. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेनं सांगितलं, मॅडम, ह्यो कोपऱ्यातला लई वाढलाय बघा. त्यांनी हातातलं काम ठेवलं. किती वाढला? कधीपासून? अन् कोणाच्या मानानं? मला वाटलं, पोलीस चौकीत आले की काय. म्हणलं, दिसतोय की डोळ्याला. त्या म्हणाल्या, डोळ्याला तर सूर्यसुद्धा फिरताना दिसतो. पुढं कळलं की त्यांचं सगळं शास्त्र त्या तीन प्रश्नांवर उभं आहे. काही वाढलं किंवा कमी झालं म्हणायचं तर आधी किती होतं ते लिहिलेलं पाहिजे, नंतर किती झालं ते लिहिलेलं पाहिजे, अन् शेजारी दुसरा कुणीतरी पाहिजे ज्याला आपण काहीच केलेलं नाय.

आता उंदीर जोखायचा कसा ते ऐका, कारण हे कुणी शिकवत नाय. सगळे पांढरे, सगळे सारखे, मग ओळखायचे कसे? त्यांना पिवळ्या रंगाच्या खुणा करायच्या. एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीवर, अन् एकाला काहीच नाय. काट्यावर रिकामा डबा ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, मग उंदीर डब्यात सोडायचा. पंखा बंद, कारण वाऱ्यानंसुद्धा आकडा हलतो. उंदीर डब्यात गरागरा फिरतो, आकडा नाचतो. तो दमून बसेपर्यंत आपण श्वास धरून थांबायचं. तेवढ्यात त्यानं मुतलं की गेले एक-दोन ग्रॅम. म्हणून वार तोच, वेळ तीच, काटा तोच अन् हातसुद्धा तोच. हात बदलला की उंदीर बिचकतो, खाणं सोडतो. माझा हात त्यांना पटला होता. नव्या पोरापोरींना कडकडून चावायचे अन् माझ्या तळव्यावर मिशा साफ करत बसायचे. ह्याचा मला गर्व होता, कबूल करते.

अन् एकदा जोखून काही कळत नाय. मी रोज मुकुंदवाडीहून क्रांती चौकापर्यंत शेअर रिक्षानं यायची. कधी वीस मिनिटं, कधी पस्तीस. म्हणून एक दिवस वीस मिनिटांत पोचले तर रस्ता सुधारला असं म्हणता येत नाय. महिनाभर रोजचं लिहून ठेवलं तरच काही बोलता येतं. उंदरांचंही तसंच. एकानं मुळातच जास्त खाल्लं, एक जन्माचाच बारका, म्हणून एका गटात आठ-आठ घ्यायचे अन् सगळ्यांचं मिळून बघायचं.

नवीन संशोधक पोरांना मात्र घाई. एक वानखेडे म्हणून होता, स्वतः काडीसारखा अन् विषय घेतला होता अंगात ताकद आणणाऱ्या औषधाचा. त्याच्या सगळ्या नर उंदरांत पाठीवर खूण असलेला एक असा फुगायला लागला की विचारू नका. पहिल्या सोमवारी वाढला, दुसऱ्या सोमवारी त्याहून वाढला. वानखेडे खोलीतच उड्या मारायला लागला. गावाकडं फोन करून बापाला सांगितलं, आपलं औषध लागू पडलं. तिसऱ्या सोमवारी मी पिंजऱ्याचं झाकण उघडलं तर कोपऱ्यात नऊ गुलाबी पिल्लं चिवचिव करत होती. नर म्हणून आणलेला तो नर नव्हताच. मी वानखेडेला हाक मारली, ये बाबा, बारशाला ये. त्यानं वाकून बघितलं अन् मला विचारलं, मावशी, ह्यांना कोणत्या गटात धरायचं? मी हसून हसून भुश्याच्या पोत्यावर बसले.

त्या दिवशी मी त्याला हसले. वर्षभरानं देवानं माझाच कान धरला.

प्रतिभा वैजापूरकडची. बाप शेती करून दूध डेअरीत कामाला, ही घरातली पहिली एवढी शिकलेली. उंच, सावळी, बोलायला चुरूचुरू, चालताना गाणं गुणगुणणारी. तिच्या आजीच्या वापरातला कसला तरी पाला होता, वजन आटोक्यात ठेवतो म्हणत. त्याचा अर्क काढून उंदरांवर बघायचं, हा तिचा पीएचडीचा विषय. चार वर्षं अर्क काढण्यात, परवानग्या मिळवण्यात, वाचण्यात गेली. पाचव्या वर्षी शेवटचा प्रयोग. मार्चपर्यंत प्रबंध दिला नाही तर नाव रद्द, अन् बीडच्या एका कॉलेजानं तिला सांगून ठेवलं होतं की दिवाळीनंतर लगेच प्रबंध दिल्याचा कागद दाखवला तर जागा तुमची. ही सगळी फिकीर ती मला पिंजरे धुताना सांगायची, पण हसत हसतच. लगीन पण त्या नोकरीपायी थांबलं होतं.

सोळा उंदीर. आठांच्या पिंजऱ्यांना हिरवं कार्ड, ते औषधवाले. त्यांना रोज सकाळी बारीक नळीनं अर्क पाजायचा. आठांना पांढरं कार्ड, त्यांना तशाच नळीनं नुसतं पाणी. पांढऱ्यांना म्हणायचे कंट्रोल. आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, तेव्हा मी सुरुवातीला मनातल्या मनात हसायची. सगळ्यांना खाणं एकच, बाजारात मिळणाऱ्या सुक्या गोळ्यांचं. सहा आठवडे चालायचं होतं. नळी पाजणार प्रतिभा, जोखणार अन् बाकी सगळं करणार मी.

त्यात आला पोळा.

माहेरी आमच्या बापानं पोळ्याला बैलांच्या आधी कधी घास घेतला नाय. वर्षभर राबतात त्यांना त्या दिवशी पुरणपोळी, मगच घरच्यांचं ताट. शहरात येऊन इतकी वर्षं झाली, बैल कुठून आणू? मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवायचा अन् मनातून चुटपुट लागायची. त्या वर्षी पुरण वाटता वाटता एकदम डोक्यात आलं, अगं कमल, तुझ्यासाठी राबणारी जनावरं तर आहेत की. सोळा आहेत. माझ्या घरात चूल त्यांच्यावर पेटते. मला एवढा आनंद झाला की मी एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात पोळ्या, वर तूप, अन् कुंकवाची पुडीसुद्धा घेऊन गेले. पांढऱ्या उंदराच्या कपाळावर कुंकू काय शोभतं म्हणून सांगू. पण पिवळ्या खुणेत घोळ होईल म्हणून लगेच पुसलं, एवढी अक्कल होती. पोळीचे तुकडे केले. अन् हिरव्या कार्डाच्या पिंजऱ्याशी आले तेव्हा हात थांबला. हे औषधावर आहेत. औषध चालू असताना पथ्य नको का? काढा घेणाऱ्या माणसाला आपण तेल-तूप, गोडधोड देतो का? मी मनाशी म्हणलं, तुम्ही थांबा रे बाबांनो, तुमचं औषध संपलं की तुमचा वेगळा पोळा करीन. अन् पांढऱ्या कार्डाच्या आठांना सगळी पोळी घातली. त्यांना बिचाऱ्यांना औषध नाय, कुणी त्यांच्याकडं कौतुकानं बघत नाय, नुसतं पाणी पाजतात, ह्याचंही मला वाईट वाटत होतं. त्यांनी दोन्ही हातांत तुकडा धरून असा खाल्ला, असा खाल्ला, की माझं पोट भरलं.

एका दिवसावर थांबले असते तर निभावलं असतं. पण भाद्रपद म्हणजे खाण्याचाच महिना. चार दिवसांनी गणपती बसले, आता गणपतीचं वाहन उपाशी ठेवायचं का? तळलेले मोदक गेले. मग महालक्ष्म्या आल्या, परत पुरण, परत तूप. मग पितरं आली, रोज कुणाकुणाच्या घरची खीर, वडे. गल्लीतल्या बाया ताटं द्यायच्या, मी एक वाटी बाजूला काढायची. हिरवं कार्ड मात्र कडक पथ्यावर. तुपाचं बोट लागू दिलं नाय, ह्याचा मला अभिमान वाटायचा.

सोमवारचे आकडे काय यायला लागले म्हणता! हिरवं कार्ड हळूहळू चढत होतं, पांढरं कार्ड टुणटुण उड्या मारत होतं. मी जोखायची, आकडा ओरडून सांगायची, प्रतिभा लिहायची. चौथ्या सोमवारी तिनं दोन्ही गटांची रेघ कागदावर काढली. एक रेघ जमिनीलगत, एक गच्चीला लागलेली. म्हणजे औषध घेणाऱ्यांचं वजन आटोक्यात अन् बिनऔषधाचे फुगलेले. प्रतिभानं मला कमरेला धरून गरगर फिरवलं. सहाव्या सोमवारी प्रयोग संपला तेव्हा पेढे वाटले. देशपांडे मॅडम कधी हसायच्या नायत, त्या गालातल्या गालात हसल्या अन् म्हणाल्या, एवढा फरक मी माझ्या सबंध नोकरीत पाहिलेला नाही. मीही पेढा खाल्ला. एक पेढा, खरं सांगते, पदराआड पांढऱ्या कार्डाला दिला.

दोन दिवसांनी प्रतिभा प्राणीगृहात आली, म्हणाली, मावशी, बसा, मी मराठीत सांगून बघते. पुढच्या आठवड्यात बाबा येणार आहेत, त्यांना समजलं पाहिजे. मी पोत्यावर बसले. ती पांढऱ्या कार्डाच्या पिंजऱ्यावर हात ठेवून सांगायला लागली. हे साधे उंदीर म्हणजे बाबा, आपली मोजपट्टी. हिरवे किती कमी वाढले ते ह्यांच्याकडं बघून ठरवायचं. म्हणून ह्यांचं अन् त्यांचं सगळं एकसारखं पाहिजे. फरक फक्त औषधाचा.

मी विचारलं, “सगळं म्हणजे?”

“सगळं, मावशी. खाणं, पाणी, उजेड, बसायची जागा.”

“सणवार?”

ती हसली. “उंदरांना कसला सणवार?”

हातातली भुश्याची पाटी कधी उपडी झाली तेही कळलं नाय. ती पुढं बोलत राहिली, मला एक अक्षर ऐकू येईना. डोळ्यांपुढं सगळी ताटं फिरायला लागली, पुरण, मोदक, खीर, वडे. हिरव्या गटात काही कमी झालंच नव्हतं. पांढरा गट मीच वाढवला होता.

दोन दिवस मी गप्प राहिले. ही माझी लाज आहे, ती लपवत नाय. घरी भाजीत दोनदा मीठ पडलं. मालक म्हणाले, बरं नाय का तुला? मी मनात हिशोब मांडत होते. सांगितलं तर पोरीचं बीड जातंय, मार्च जातोय, लगीन लांबतंय. माझी नोकरी जाईल ती वेगळीच. नाय सांगितलं तर कुणाला काय कळणार आहे? उंदीर काय साक्ष द्यायला येणार आहेत? पण मग वाटायचं, उद्या हा पाला कुणी औषध म्हणून विकला अन् कुणा गरिबाच्या बाईनं हौसेनं घेतला तर तिच्या अंगाला गुण येणार कशाचा, माझ्या पुरणपोळीचा?

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा पिंजरे बघायला आली तेव्हा मी तिला दार लावून घ्यायला सांगितलं अन् सगळं सांगून टाकलं. पोळ्यापासून पेढ्यापर्यंत. पथ्याचंही सांगितलं.

ती आधी खदखदून हसली. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पथ्य, मावशी, पथ्य? असं म्हणायची अन् परत हसायची. मीही वेड्यासारखी तिच्याबरोबर हसायला लागले, पोट धरून, दोघीही. अन् मग ती एकदम थांबली. भिंतीला टेकून खाली बसली. हसता हसता तोंड तसंच उघडं राहिलेलं.

मग तिनं विचारलं, “हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाय. तू अन् मी.”

तिनं पांढऱ्या कार्डाच्या पिंजऱ्याकडं बघितलं. आठही उंदीर गुबगुबीत, पाठीवर पडून घोरत असल्यागत. मला तिचं मन दिसत होतं. त्या वेळी तिनं मला गप्प राहा म्हणलं असतं तर मी मरेपर्यंत गप्प राहिले असते, एवढं मात्र नक्की. ती उठली, रजिस्टर अन् पेन घेऊन परत बसली.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोळ्या किती होत्या?”

“दोन.”

“तूप किती? चमचा कोणता, पोह्याचा की वाढायचा?”

पोरगी रडायच्या ऐवजी चमचा विचारत होती. तासभर तिनं माझी उलटतपासणी घेतली. मोदक किती, तळलेले का उकडलेले, आठांत कसे वाटले, जाड्या पाठीवाल्यानं दुसऱ्याचा तुकडा पळवला का. पितरांच्या खिरीत दूध म्हशीचं की पिशवीचं. सगळं तारीखवार लिहून काढलं अन् खाली माझी सही घेतली. मग मला हाताला धरून मॅडमकडं नेलं.

मॅडमनी ते पान शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं. मला वाटलं आता गेले आपण. पण त्या माझ्यावर आधी चिडल्याच नाहीत, स्वतःवर चिडल्या. म्हणाल्या, फरक दोन टोकांनी पडतो, प्रतिभा. हे कमी झालं का ते जास्त झालं, हे बघायचं असतं. मागच्या प्रयोगांतल्या साध्या गटांचे आकडे माझ्या कपाटात पडलेले आहेत. ते काढून पाहिले असते तर हे आठ जण इतके कसे वाढले ते तेव्हाच विचारलं असतं. फरक हवाहवासा होता म्हणून मी शोधलं नाही. मग माझ्याकडं वळल्या अन् म्हणाल्या, कमलबाई, तुम्हाला प्राणीगृहातून काढावं असं मला आत्ता फार वाटतंय. पण तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत. असं सांगणारं माणूस मला दुसरं कुठं मिळणार? मी खुर्चीशेजारी उभ्या उभ्या रडले. प्रतिभा मात्र कोरडी होती. ती म्हणाली, मॅडम, परत करू.

परत करू म्हणणं सोपं. नव्या उंदरांची परवानगी मिळायला दिवाळी उलटली. बीडच्या लोकांनी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाय. ती जागा दुसऱ्याला गेली. प्रतिभानं मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाय, पण तो फोन न येण्याचा आठवडा मला आजही टोचतो. तिचा बाप ठरल्याप्रमाणं आला, तेव्हा तिनं त्यालाही सगळं सांगितलं. म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला, बाई, आमच्याकडं पण पोळ्याला पुरणच असतंय. एवढंच म्हणाला अन् चहा प्यायला.

या वेळी मॅडमनी नवीन रीत घातली. हिरवं-पांढरं बंद. पिंजऱ्यांना नुसते नंबर. अर्काची बाटली अन् पाण्याची बाटली दोन्ही एकाच रंगाच्या केलेल्या, वर क अन् ख. कोणत्या बाटलीत काय ते मॅडमनी कागदावर लिहून पाकीट बंद करून कपाटात ठेवलं. पाजणाऱ्या प्रतिभाला माहीत नाय, जोखणाऱ्या मला माहीत नाय. म्हणजे आता कुणाची कीव करावी तेच मला कळेना! पहिल्या दिवशी मी सगळ्या पिंजऱ्यांपुढं उभी राहून म्हणाले, लेकरांनो, तुमच्यातलं कोण दुबळं, कोण औषधावर, मला काय बी ठाऊक नाय, तेव्हा सगळ्यांना सारखंच. मला वाटतं तेव्हाच मला ती रीत पुरती समजली. मॅडमला माझ्या लबाडीची भीती नव्हती, माझ्या मायेची होती.

संक्रांतीला कॉलेजात तीळगूळ आला. मी दारातच खाल्ला, हात धुतले, तोंड धुतलं, साडीवरचे तीळसुद्धा झटकले. प्रतिभा खिडकीतून बघत होती. तिनं दोन्ही हात जोडले.

शेवटच्या सोमवारी मी सगळ्यांसमोर जोखलं. आकडे मांडले, हिशोब केला, मग पाकीट फोडलं. पाल्याचा अर्क घेतलेले उंदीर साध्यांपेक्षा कमी वाढले होते. पण किती? जेमतेम पंधरा ग्रॅमांचा फरक. दोन खारकांएवढा म्हणा. पहिल्या रेघांपुढं हे काहीच नव्हतं, कागदावर दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून चाललेल्या. मॅडमनी संगणकावर बघितलं, असा फरक नुसत्या योगायोगानं पडायची शक्यता किती म्हणून. म्हणाल्या, थोडा आहे, पण आहे. प्रतिभा त्या दोन रेघांवर वाकली अन् ओरडली, आहे! तिनं मला परत गरगर फिरवलं. मी म्हणलं, अगं सोड, मला चक्कर येतेय, ती सोडेचना.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रबंध गेला. पुढं काही महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. ती उघड्या दारानं होते, कुणीही येऊन बसू शकतं. बाहेरगावाहून परीक्षक आलेले. जाड भिंगांचे, आवाज भारदस्त. मी मागच्या बाकावर बसले. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले, म्हणून चपला बाकाखाली काढून ठेवल्या होत्या. प्रतिभा इंग्रजीत बोलत होती. मला शब्द कळत नव्हते, पण पडद्यावरच्या रेघा ओळखीच्या होत्या. बाप पुढं बसला होता, टोपी मांडीवर.

परीक्षकांनी त्या चिकटलेल्या रेघांकडं बोट केलं अन् मराठीत म्हणाले, एवढ्याशा फरकावर आम्ही विश्वास का ठेवावा?

प्रतिभाही मराठीत आली. “सर, मोठा फरक आम्हाला मिळाला होता. तो आम्ही टाकून दिला. त्याचं पान शेवटी जोडलंय.”

त्यांनी पानं उलटली. वाचता वाचता त्यांचे खांदे हलायला लागले. बहुतेक मोदकांपाशी आले असावेत. सगळं सभागृह त्यांच्याकडं बघायला लागलं. त्यांनी डोळे पुसले, कागद खाली ठेवला.

“चूक पकडली कुणी?”

प्रतिभा म्हणाली, “कुणी पकडली नाही, सर. जिनं केली, तिनंच येऊन सांगितली.”

अन् तिनं हात वर करून मागच्या बाकाकडं दाखवलं. सगळ्या माना वळल्या. परीक्षक म्हणाले, बाई, जरा उभ्या राहता का? माझी पळापळ झाली, चपला पायाला सापडेनात. मग तशीच, अनवाणी, उभी राहिले. अन् ते मोठे परीक्षक माझ्यासाठी खुर्चीतून उठून उभे राहिले.